वैतींचा जे

त्रेसष्ट फायली आल्या पेनड्राइव्हवर,
भांडुपहून, मालाडहून, वरळीच्या गोदामातून.
एक तर कुणाच्या तरी भाचीने बनवलेली:
गुलाबी, लग्नपत्रिकेच्या वळणदार अक्षरात
गळती प्रतिबंध, भाग दोन.

डिमेलो मॅडम म्हणाल्या, सगळं एका फॉन्टमध्ये हवं,
सोमवारी साहेब बसणार आहेत.
तेव्हा शुक्रवारचे चार वाजले होते.

तीन फायली हाताने केल्या.
चौथीला मनगटच म्हणालं, मग शिकलीस कशाला?
स्क्रिप्ट लिहिली, एकोणतीस ओळींची:
प्रत्येक फाइल उघड,
तिच्यातली प्रत्येक स्लाइड,
स्लाइडवरची प्रत्येक चौकट,
चौकटीत चौकट असेल तर तिच्याही आत जा
(असतेच. माणसं आकारांची मोट बांधतात
आणि सोडायचं विसरतात),
सापडेल त्या अक्षराला
गणवेश घाल.

चार मिनिटं लागली. चहा आला, त्यावर साय धरली.
अठराशे बारा स्लाइड्स
शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा सरळ.
खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

सोमवारी चावीवाल्यांचं प्रशिक्षण.
कुठल्या गल्लीत पाणी किती वाजता,
हे ज्यांच्या मनगटात असतं ते, साठेक जण,
डबे मांडीवर घेऊन बसलेले.
एकेचाळिसावी फाइल: मोरेश्वर वैती, निवृत्त.
पडद्यावर उमटले
अर्धविराम, कंस, टक्के, डॉलर,
इंग्रजी अक्षरांची चेंगराचेंगरी.
मागून कुणी हसलं.
साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
ते जास्त लागलं.

वैतींच्या फायलीत मराठी कधी नव्हतीच.
जुना फॉन्ट तो, मराठीचं सोंग घेतलेला:
आत इंग्रजी कळा, वर आपले काने-मात्रे.
मी सोंग उतरवलं होतं.

तिसऱ्या रांगेतला एक जण उभा राहिला,
पांढऱ्या भुवयांचा, शर्टाच्या खिशात चष्मा.
चष्मा काढला नाही. नुसता नकाशा बघून म्हणाला,
"डावीकडे साडेसात फेरे. मग थांबायचं.
चावीच्या दांड्याला कान लावायचा.
पाणी खाकरलं की उरलेले चार."
आणि मला, "पुढची लावा, ताई."
अशा त्याने एकवीस स्लाइड्स वाचल्या.

त्या आठवड्यात मी तक्ता बनवला,
कुठली कळ म्हणजे कुठलं अक्षर.
पहिली वेलांटी त्यात अक्षराच्या आधीच येऊन उभी,
सासुरवाडीच्या निरोप्यासारखी,
आणि रफार सगळ्यांची पंगत उठल्यावर.
दोघांना आपापल्या पाटावर बसवायला
एकोणतीसच्या दोनशे ओळी झाल्या.

सगळं जुळलं. उरला एक जे.
प्रत्येक स्लाइडच्या शेवटी, एकटा, इंग्रजी,
कुठल्याच शब्दाला न चिकटलेला.
तक्त्यात त्याला घर नव्हतं.

नाहूरला फोन लावला. वैती जेवत होते, तरी बोलले.
"जे? अहो, तो जे कुठला!
चिन्हांचा फॉन्ट असतो ना एक, त्यात जे दाबला
की हसरा चेहरा यायचा.
पहाटे तीनला चावी खांद्यावर टाकून निघालेल्या माणसाला
बघून कोण हसतं, सांगा. कुत्रीच भुंकतात.
म्हटलं, स्लाइड तरी हसू दे."
मग भात निवतोय म्हणाले.

स्क्रिप्टमध्ये आता एक ओळ जास्त आहे:
फॉन्ट चिन्हांचा असेल तर
हात लावू नकोस, पुढे जा.

अहवालात लिहिलं, फायली त्रेसष्ट, फॉन्ट एक,
अपवाद एकवीस.
"कारण" या रकान्यात
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
शेवटी मी जे दाबला
आणि मॅडमना पाठवून दिलं.